उघडाबंब मनोऱ्याची साक्ष

मी परळचा मनोरा. अपरान्त विद्यापीठाचा, अकरा मजल्यांचा, आणि बाहेरून गिलाव्याचं नावही नसलेला. माझं खरं नाव कोनशिलेवर कोरलंय, पण ते कुणी घेत नाही. बसचा कंडक्टरसुद्धा "चला, उघडाबंबवाले उतरा!" असंच ओरडतो. मी रागावत नाही. म्हणजे, हल्ली रागावत नाही.

१९५४ साली माझा पाया खणला. फळ्यांचे साचे बांधले, फळ्यांना तेल चोपडलं आणि आत सळ्यांच्या जाळ्यात काँक्रीट ओतलं. घमेली डोक्यावर घेऊन बाया दिवसभर परांचीवर चढायच्या. साचे सुटले तेव्हा फळ्यांच्या सगळ्या रेघा माझ्या अंगावर जशाच्या तशा उमटल्या होत्या. विलायतेत शिकून आलेले माझे वास्तुकार लांब उभे राहून म्हणाले, "सुंदर! आता याला कुणी हात लावायचा नाही."

सुंदर म्हणणारे ते एकटेच. गिरगावातले पेन्शनर वर्तमानपत्रांना पत्रं लिहायला बसले, की हे विद्येचं मंदिर आहे की धान्याचं कोठार? लालबागचे गिरणीवाले म्हणाले, आमच्या चिमण्या बऱ्या, निदान धूर तरी सोडतात. मुंबई कुणाची यावरून तेव्हा रान पेटलं होतं. पण मी मुंबईला शोभत नाही यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

सगळ्यात जास्त जीव जळायचा तो बुधाजीचा. हा नायगावच्या बीडीडी चाळीतला गवंडी. माझ्या आतल्या खोल्यांचं काम त्याच्याकडे होतं. दादरपासून माझगावपर्यंत त्यानं केलेला गिलावा हातभरसुद्धा कधी पडला नव्हता. गवंडी त्याच्या नावावर पैज लावत. बाहेरून मला गिलावाच करायचा नाही हे कळल्यावर तो मुकादमाशी भांडला.

"येवढं थोरलं पोर उभं केलंत नि अंगावर कापड नाय? लोक आमाला हसतील!"

त्यानं चाळीत फिरून सह्या आणि अंगठे गोळा केले, मनोऱ्याला गिलावा करावा असा अर्ज दिला. अर्ज फायलीत गेला आणि तिथंच झोपला.

१९५६ च्या जूनमध्ये बुधाजीची मुलगी शकू माझ्याकडे शिकायला आली. तिच्या चाळीतून कॉलेजात आलेली पहिली मुलगी. त्याच वर्षी त्यांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बुधाजी म्हणायचा, आता मान खाली घालून जगायचं नाय. पोरीनं ते बापापेक्षा जास्त मनावर घेतलं.

१९५८ च्या फेब्रुवारीत एका पहाटे ती डांबराचा डबा आणि जुना कुंचा घेऊन आली. माझ्या दर्शनी भिंतीवर तिनं पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. शेवटची रेघसुद्धा तिनं सरळ ओढली. माझं अंग उघडं, कोरडं. डांबर खोल मुरलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी या शहराचा आहे.

दहा वाजता रजिस्ट्रार आले, शरदचंद्र धुरंधर. जुन्या गिरगावकर घराण्यातले, काळी टोपी, कडक इस्त्री. त्यांनी अक्षरं शेवटपर्यंत वाचली. रॉकेल झालं, ब्रश झाले, राख झाली, अक्षरं हलेनात. तेव्हा त्यांनी तो जुना अर्ज शोधून काढला आणि बुधाजीला बोलावलं.

"गिलावा तुलाच हवा होता ना? या भिंतीपासून सुरू कर. लिहिलंय ते मलाही पटतं रे, पण वरून विचारणा झाली आहे. भिंत झाकली गेली तर प्रकरण मिटेल. नाहीतर लिहिणारा शोधून त्याला विद्यापीठातून काढावं लागेल."

बुधाजीनं मान डोलावली. पोरीच्या नखांतलं डांबर त्यानं सकाळीच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं परांची बांधली. शकू धावत आली.

"बाबा, तुम्ही बुजवणार हे? तुम्ही? दुसऱ्या कुणाला करू दे की!"

"दुसरा करंल तर पक्का करंल," बुधाजी हळूच म्हणाला. "जा गो वर्गात."

तिला काही उमगलं नाही. ती पाय आपटत गेली आणि कितीतरी दिवस बापाशी बोलली नाही.

मला मात्र लगेच कळलं. काँक्रीटवर गिलावा धरायचा तर आधी छिन्नीनं टाचे, म्हणजे बारीक खाचा, मारावे लागतात, भिंत पाण्यानं चिंब करावी लागते. गवंड्याचं पोर बाराखडीच्या आधी हे शिकतं. बुधाजीनं एक टाचा मारला नाही, एक तांब्या पाणी मारलं नाही. त्या कोरड्या भिंतीवर त्यानं सिमेंटचा माल चढवला आणि वरून असा गुळगुळीत केला की धुरंधरसाहेबांनी पाठ थोपटली. मग भिंतीच्या पायथ्याशी बांबूचं कुंपण घातलं. काम वाळलं तरी ते त्यानं काढू दिलं नाही. जाताना गिलाव्यावर हात ठेवून पुटपुटला, "पडशील तवा सुट्टीत पड बाबा. खाली पोरं असतात."

आयुष्यभर कमावलेलं नाव त्यानं त्या भिंतीवर थापलं होतं. मला रडता येत नाही, याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

मे महिन्याच्या उन्हात सगळा गिलावा धाडकन कुंपणाच्या आत कोसळला. अक्षरं पहिल्यापेक्षा काळीकुळकुळीत. परळभर हशा पिकला: बुधाजीचा गिलावा पडला! साहेबांपुढे तो हात जोडून म्हणाला, "ह्या भिंतीला गिलावा धरत नाय, साहेब." साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तोच शेरा फायलीवर लिहिला. पुन्हा कुणी गिलाव्याचं नाव काढलं नाही, आणि लिहिणाऱ्याचंही.

शकू संध्याकाळी आली. अक्षरांवरून हात फिरवत टाच्यांच्या खुणा शोधू लागली. एकही सापडली नाही. गवंड्याचीच पोर ती. तिथंच मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना खरं सांगायला निघाली, तर बुधाजीनं तिला अडवलं. "तुझं शिक्षण पुरं होऊ दे. तवर माझं काय व्हायचं ते होऊ दे."

त्यानंतर त्याला कुणी गिलाव्याचं काम दिलं नाही. अँटॉप हिलला सरकारी वसाहत बांधत होते, तिथं तो पोरसवदा गवंड्यांच्या हाताखाली माल कालवायला जाऊ लागला.

यंदा, १९६० च्या एक मेला, महाराष्ट्र राज्य झालं. माझ्यापुढे गुलाल उधळला, लोक अक्षरं मोठ्यानं वाचत होते. गर्दीत एकानं दुसऱ्याला दाखवलं, "हीच ती भिंत. कुणा म्हाताऱ्याचा गिलावा पडला होता." शेजारीच बुधाजी उभा होता. ताठ मानेनं म्हणाला, "माझाच तो."

दोन वर्षं मी तोंड मिटून होतो, कारण शकू शिकत होती. परवा ती बी. ए. झाली. आता मला कुणाची भीती नाही. माझं काय करायचं यावर समिती नेमलीय म्हणे. पाडा नाहीतर ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण नायगावात कुणी जाणार असाल तर चाळीत सांगा, की तो गिलावा बुधाजीनं जाणूनबुजून पाडला, पोरीसाठी आणि तिनं लिहिलेल्या त्या ओळीसाठी. आणि घर बांधायला काढलंत, तर गिलाव्याला त्यालाच बोलवा.