जीवदयेचे उंदीर

प्लेग यायच्या आधी सरकारी माणूस अनसिंगात दवंडी देऊन गेला, "दिसेल तो उंदीर मारा." सगळ्यांनी मारले. फक्त कांतीलाल शेठांनी मारले नाहीत. किराण्याच्या दुकानातला उंदीर पिंजऱ्यात धरायचा, पण जीव घ्यायचा नाही, हा त्यांच्या जैन घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. धरलेले सोडायचे कुठे, एवढीच पंचाईत.

ती सोडवली माझ्या शेजाऱ्याने, जगदेवने. पेरणीची पहिली मूठ पाखरांच्या नावाने टाकणारा माणूस तो. म्हणाला, "माह्या वावरात सोडा, शेठजी. पाखराइले देतो, मंग याइले कायले नाही? कडब्याची गंजी हाये, राहातीन तिथंच."

रोज सकाळी शेठ पिंजरा घेऊन वावरात जाऊ लागले. मी जगदेवची चेष्टा केली, "काहून रे, जावई आनून राह्यला का गंजीत?" तो हसला, मीही हसलो. शहाणपण सांगायची वेळ होती ती, आणि मला विनोद सुचत होते!

महिन्याभरात गावात प्लेगने माणसं पटापट मरू लागली. घरंदारं सोडून आम्ही वावरात झोपड्या घातल्या. जगदेवने आपली झोपडी त्या गंजीच्याच आडोशाला बांधली. वारा लागत नाही म्हणाला. चार दिवसांनी गंजीखाली मेलेले उंदीर सापडले. त्याच्या सहा वर्षांच्या रुख्मिणीला त्याच संध्याकाळी ताप भरला, काखेत गाठ आली. दोन दिवस पोरगी पाणी पाणी करत होती. मग आम्ही तिला ओढ्याकाठी पुरलं. दया वाईट असते असं मी कधीच म्हणणार नाही, पण त्या दिवशी मला दोघांचाही संताप आला होता, आणि स्वतःचाही.

ऐकल्याबरोबर शेठ अनवाणी धावत आले. जगदेवच्या पायाशी बसले. "जगदेवा, मले मार. मीच आनलं हे तुह्या दारात."

"सोडा म्हनून मीच म्हनलो होतो, शेठजी."

तेवढ्यात गंजीतून एक उंदीर झिंगत बाहेर आला आणि दोघांच्या मध्ये कलंडला. धुगधुगी होती अजून. शेठांनी बाजूची काठी उचलली, जन्मात पहिल्यांदा. डोळ्यांना धार लागली होती.

जगदेवने हळूच ती काठी त्यांच्या हातून काढून घेतली.

"राहू द्या, शेठजी," तो म्हणाला. "नेम कायले मोडता? आता कोनासाठी मारता?"