होय, ते मासे मीच खाल्ले

मित्रांनो, मी लाल शेपटीचा एक मोठा मासा आहे. पाठ काळी, कुशीवर पांढरा पट्टा, ओठांवर लांब मिशा, आणि तोंड असं रुंद की मिटलेलं असतानाही मी हसतोय असं लोकांना वाटतं. मी हसत नसतो. उदगीरच्या आमच्या गल्लीत माझी फार बदनामी झाली आहे. कुणी मला खादाड म्हणतं, कुणी राक्षस, कुणी नमकहराम. म्हणून माझी हकीकत आज मीच सांगणार आहे. ऐकताना एवढंच ध्यानात ठेवा, की मी माफी मागायला आलेलो नाही.

लातूरच्या एका दुकानात मी आलो तेव्हा बोटाएवढा होतो. तिथे मला मल्लिनाथनं पाहिलं. त्याचं उदगीरला कापडाचं दुकान आहे. नुकतंच त्यानं नवं घर बांधलं होतं आणि हॉलमध्ये मासे फिरत राहिले की घरात बरकत येते, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. काचेची लांबलचक टाकी त्यानं आधीच मांडली होती. तिच्यात रंगीत गप्पी होते, चपटे एंजल होते, गोल्डफिश होते.

"हा बाकीच्यांना काही करणार न्हाई ना?" त्यानं विचारलं.

"लई गरीब जात हाय," दुकानदार म्हणाला. "गुमान तळाशी बसतो, घाण साफ करतो."

माझ्याविषयी बोललं गेलेलं ते पहिलं खोटं. मी जवळच होतो, पण मला विचारलं कुणी?

त्या घरात मल्लिनाथची बायको जगदेवी होती आणि त्याचे वडील महादेवप्पा होते. महादेवप्पा रोज सकाळी लिंगपूजा केल्याशिवाय चहाचा घोट घेत नसत. त्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. पूजा झाली की ते टाकीपाशी येत आणि चिमूटभर खाणं टाकत. डोक्यावर लाल टोपी असलेला एक पांढरा गोल्डफिश त्यांच्या बोटापर्यंत वर येई. त्याला ते राजा म्हणत.

पहिल्यांदा गप्पी कमी झाले. उडी मारून बाहेर पडले असतील म्हणून जगदेवीनं सोफ्याखाली झाडू फिरवून पाहिला. मी वाढत गेलो, तसे एंजलही गेले. माझ्यावर कुणाचा संशय गेला नाही, कारण मी गरीब जातीचा होतो ना.

एके दिवशी दुपारी निलंग्याचे पाहुणे नवं घर बघायला आले. सगळे चहा घेत बसले होते. राजा माझ्या तोंडासमोरून पोहत गेला आणि मी तोंड उघडलं. आमच्या जातीत खाणं म्हणजे एवढंच असतं. पण राजा मोठा होता, त्याचं शेपूट माझ्या ओठांबाहेर राहिलं आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

महादेवप्पांनी कपबशी खाली ठेवली. "ज्या घरात अंडं शिजलं न्हाई, तिथं हा पाव्हण्यांदेखत मासं खाऊन राहिला," असं म्हणून ते उठून देवघरात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यांना दुःख झालं, ते मला काचेतूनही दिसलं. पण मित्रांनो, मला भूक लागली होती, हेही तितकंच खरं आहे.

दुसऱ्या दिवशी उरलेले मासे बाहेर काढले आणि मला सुधारायचं ठरलं. भिजवलेली भाकरी आली, उकडलेले वाटाणे आले, राजगिऱ्याचा लाडू आला. मी सगळं तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"भूक लागली की खाईल गुमान," महादेवप्पा म्हणाले. मी खाल्लं नाही.

जगदेवीला माझी शिसारी येई. तरीही टाकीची काच घासायचं काम तिच्याकडेच होतं, त्यामुळे मला जवळून पाहणारी तीच एक होती. एका सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "ह्याचं डोकं मोठं दिसून राहिलं अन् अंग गळून चाललं. हा उपाशी हाय." मग तिनं मोबाईलवर शोधून मोठ्यानं वाचलं. माझं कूळ समुद्रापलीकडच्या मोठमोठ्या नद्यांतलं, माझी जात माणसाच्या कमरेच्या उंचीपेक्षा लांब वाढते आणि तोंडात मावेल तो मासा गिळते, हे मलाही तेव्हाच कळलं.

लातूरहून तिनं सुक्या मासळीच्या गोळ्या मागवल्या. तो डबा मागच्या अंगणात, धुण्याच्या साबणाशेजारी राहू लागला. पहिल्या दिवशी तिनं नाकाला पदर लावला होता. मी पाण्यात पडलेली एकूण एक गोळी खाल्ली.

महादेवप्पांना वास लागलाच. "जगदेवी, त्या डब्यात काय हाय?"

"ह्याच्या गोळ्या, मामा. मासळीच्या हायत."

"अन् तू त्याला हात लावला?"

"हाव, लावला. मग साबणानं धुतला. आपण खात न्हाई ते बरोबर हाय. पण ह्यानं कुठं दीक्षा घेतली?"

सासरे तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. तीही गोळ्या टाकायची थांबली नाही. तेव्हापासून या घरात हट्टी असे आम्ही दोघं झालो.

मल्लिनाथ मात्र शहाणा झाला नव्हता. "ह्याच्या मापाचे मासे टाका, मग काही करत न्हाई," असं दुकानदारानं सांगितलं आणि त्यानं माझ्या मापाचे मासे आणले. ते होते तेवढेच राहिले आणि मी वाढलो. पुढचं सांगायला नको. मग त्याच्या लक्षात आलं, की मला गिळताना बघायला लोक येतात. दर रविवारी तो पिशवीभर जिवंत गोल्डफिश आणायचा, गल्ली हॉलमध्ये जमायची, मोबाईल वर व्हायचे आणि मी तोंड उघडलं की टाळ्या पडायच्या. ज्या गोष्टीसाठी मला पापी म्हटलं होतं, त्याच गोष्टीचं आता कौतुक होत होतं. मी तोच होतो.

एका रविवारी जगदेवी पिशवी आणि टाकी यांच्यामध्ये उभी राहिली. "आजपासून जिता मासा ह्या घरात यायचा न्हाई."

"अगं, लोक बघायला येतात."

"मग लोकांना कापड दाखवा."

तमाशा बंद झाला आणि माझ्याकडे कुणी बघेनासंही झालं. मी एवढा वाढलो होतो, की टाकीत वळायचं तर अंगाची घडी घालावी लागे. काचेवर घासून माझं नाक पांढरं पडलं. सकाळी बदललेलं पाणी संध्याकाळी पिवळं होई. पाहुण्यांना हॉलमध्ये बसवेना. एकदा मी शेपटी आपटली आणि टाकीचं झाकण फरशीवर जाऊन पडलं.

"तळ्यात सोडून या," महादेवप्पा म्हणाले. "जिवाला जीवदान दिल्याचं पुण्य लागंल."

मल्लिनाथनं निळा ड्रम आणला, ओल्या चादरीत धरून मला त्यात घातलं आणि ड्रम टेम्पोत चढवला. आमच्या जातीला पाण्यातून फार बारीक ऐकू येतं. फाटकाची कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

"जगदेवी, बाजूला हो," मल्लिनाथ म्हणाला.

"न्हाई."

"का पण? तुझ्यामागचंच काम कमी होऊन राहिलं की."

"तळ्यावर भोयांची घरं चालतात. ते बोटाएवढी पिल्लं सोडतात अन् वर्षभर वाट बघतात. ह्यानं ती खाल्ली तर त्यांनी कुणाच्या दारात यायचं?"

"मग काय मारायचा ह्याला?" महादेवप्पांनी विचारलं.

"मारायचा न्हाई अन् दुसऱ्याच्या गळ्यातबी घालायचा न्हाई. आणला आपण, निस्तरायचा आपण. गाडीसाठी शेड घालून राहिले ना मागं? तिथं हौद बांधा."

"अन् गाडी?"

"गाडी रस्त्यावर उभी ऱ्हाते. हा ऱ्हात न्हाई."

टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं. ड्रममधलं पाणी कोमट होत चाललं होतं आणि माझा श्वास वाढला होता. जगदेवीनं फाटक सोडलं नाही. शेवटी महादेवप्पांचाच आवाज आला. "मल्लिनाथ, उतरव त्याला. पोरगी बरोबर बोलून राहिली. पुण्य पुण्य म्हणत आपण आपला कचरा दुसऱ्याच्या ताटात टाकायला निघालो होतो."

मी पुन्हा त्याच अडचणीच्या टाकीत आलो. हौद बांधून झाला, सिमेंटचा खार निघून जावा म्हणून कितीदा तरी भरून रिकामा केला गेला, मग मला त्यात सोडलं. मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा अंगाला घडी न घालता वळलो. मग पुन्हा वळलो. दुपारभर मी नुसता वळत राहिलो.

हौद म्हणजे नदी नव्हे, हे मला ठाऊक आहे. थंडीत माझं पाणी गरम ठेवावं लागतं आणि वीज गेली की जगदेवी हौदावर ताडपत्री ओढते. उन्हाळ्यात टँकर आला की शेजारणी टोमणे मारतात. ती हौदातलं जुनं पाणी नारळाला घालते.

महादेवप्पांनी मला माफ केलेलं नाही. मीही मागितलेली नाही. ते हौदाकडे फिरकतसुद्धा नव्हते. मग परवा शेजारचे संगप्पा आले. दुकानात असलाच एक छोटा मासा आलाय, नातवंडांसाठी घ्यावा म्हणतो, असं ते सांगत होते. महादेवप्पा त्यांना हाताला धरून मागे घेऊन आले आणि सुनेला म्हणाले, "ह्याला खायला टाक."

मी वर आलो आणि तोंड उघडलं. पाणी उसळलं तसे संगप्पा मागे सरले. त्यांचं धोतर भिजलं.

"हाबी बोटाएवढाच आणला होता," महादेवप्पा म्हणाले. "माझा राजा खाल्ला ह्यानं. ते दुखणं माझ्या मनातून जायचं न्हाई. पण कसूर ह्याचा न्हाई, संगप्पा. तुमच्याकडं एवढी जागा हाय का?"

संगप्पा धोतर पिळत निघून गेले. मासा त्यांनी घेतला नाही. माझ्या आयुष्यात माझ्या बाजूनं दिली गेलेली साक्ष ती एवढीच, आणि ती दिली माझ्यावर सगळ्यात जास्त राग असलेल्या माणसानं.

तेव्हा मित्रांनो, दुकानात जाल तेव्हा हा मासा केवढा आहे ते विचारू नका, केवढा होणार ते विचारा. घरात लहान मासे असतील तर मला नेऊ नका. नेलंच, तर मला साधू करायला जाऊ नका आणि कंटाळा आला म्हणून परक्या पाण्यात लोटू नका. मी वाढणार आणि मला भूक लागणार. ज्यानं मला घरी नेलं, त्यानं माझ्या भुकेसकट नेलं आहे.