डाव्या इंजिनाचा खटका

मी विमानातल्या डाव्या इंजिनाचा खटका बोलतोय. दोन्ही वैमानिकांच्या मधोमध माझी जागा. मला खाली ओढलं की इंधन तुटतं आणि इंजिन थांबतं. बोटभर माझा जीव, पण हवेत माझ्या वाटेला सहसा कोणी जात नाही.

रोज विमान जागेवर उभं राहिलं की मी खाली जायचो. तोवर प्रवासी बॅगा घेऊन उभे. दार उघडायच्या आधी उभं राहून काय मिळतं, ते मला अजून कळलेलं नाही.

संकटात मात्र शिस्त असे. एकानं माझ्यावर हात ठेवायचा, दुसऱ्यानं संकटकाळच्या सूचनांच्या पुस्तकातलं पान मोठ्यानं वाचायचं आणि एकमत झालं तरच ओढायचं.

एकदा विमान उडताच पक्ष्यांचा थवा आडवा आला. उजव्या इंजिनात जेमतेम धुगधुगी उरली आणि माझ्या इंजिनाचं तेल गळायला लागलं. कॅप्टननं माझ्यावर हात ठेवला. सहवैमानिक बाईंनी पान वाचलं: तेलाचा दाब गेला, इंजिन बंद करा.

"पुन्हा वाच," कॅप्टन म्हणाला.

त्यांनी पुन्हा वाचलं. पान चुकीचं नव्हतं. लिहिणाऱ्यानं दुसरं इंजिन धडधाकट धरलं होतं, एवढंच. खाली घरंच घरं होती.

"मी नाही ओढत. तुझं काय?"

"नको, सर."

विमान वळून धावपट्टीवर टेकलं. सगळे वाचले. नंतर माझं इंजिन उघडलं, तर आत सगळं करपलेलं. आणखी थोडं चाललं असतं तर फुटलंच असतं. म्हणजे पुस्तकही खोटं नव्हतं.

चौकशीत साहेबांनी विचारलं, नियम का मोडलात? कॅप्टन म्हणाला, "न वाचता नाही मोडला." साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

पुढे ते विमान मोडीत निघालं. मी आता प्रशिक्षणाच्या खोलीत असतो. त्याच बाई इथे शिकवतात. मुलांना ही गोष्ट पाठ आहे. पान उघडायच्या आतच "नाही ओढत" म्हणून मोकळी होतात.

परवा कॅप्टन भेटायला आला होता. चांगलं नाव झालं असताना नोकरी का सोडलीत, असं बाईंनी विचारलं.

"सरावात पुन्हा तसंच संकट दिलं होतं," तो म्हणाला. "शेजारचा पान वाचत होता आणि मी ऐकतच नव्हतो."

मग बाईंनी एका मुलाचा हात माझ्यावर ठेवला आणि स्वतः पान वाचायला घेतलं.

बाबांनो, मला ओढा नाहीतर ओढू नका, माझी तक्रार नाही. पण शेजारचा वाचतोय, तेवढं ऐकून घ्या.