प्रोफेसरांना घाबरणारं यकृत

इबादान शहरातल्या एका प्रयोगशाळेत बेशुद्ध उंदराचं यकृत सूक्ष्मदर्शकाखाली मांडून अबिदेमी सकाळपासून बसली होती. वरून कोमट खारं पाणी ठिबकत होतं. पडद्यावर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून पेशी चालल्या होत्या, शाळा सुटलेल्या पोरांसारख्या रमतगमत. औषधाचा थेंब पडला की या वाहिन्या आकसतात, एवढंच आज प्रोफेसर ओलाओगुनना दाखवायचं होतं. पटलं तर प्रबंधावर सही. नाहीतर आणखी एक वर्ष, आणि दहा महिन्यांची लेक तिवा तेवढे दिवस शेजारणीच्या पाठीवर.

दार उघडलं. आधी प्रोफेसरांचं पोट आलं, मग अग्बादाचा घोळदार झगा, मग ते स्वतः. अबिदेमी गुडघे टेकून नमली. म्हातारे शिपाई लासिसीबाबा लगबगीनं एसी लावायला धावले; मोठा माणूस आल्याशिवाय तो कधी लागत नसे.

जरा वेळानं वाहिन्या आकसल्या. औषधाची बाटली अजून बंदच!

"मी नजर लावली की काय?" प्रोफेसर गुरगुरले आणि फोन घ्यायला बाहेर गेले. बाबांनी एसी बंद केला. वाहिन्या हळूहळू फुलल्या. प्रोफेसर परतले, एसी लागला, वाहिन्या पुन्हा आकसल्या!

प्रोफेसर तरातरा दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

"तिवाच्या आई," बाबा कुजबुजले, "उंदीरही माणूस ओळखतो हो. मेहुणा आला की माझंही पोट असंच आवळतं."

"बेशुद्ध आहे तो, बाबा!"

"बेशुद्ध आहे, मेला नाही."

अबिदेमीनं ठिबकत्या पाण्याला कोपर लावलं, तिवाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसं. गार! तिनं मान वर केली. एसीचा झोत थेट यकृतावर.

"बाबा, बंद करा तो. आणि सर आले तरी लावू नका."

"सरांसमोर? अहो, माझी नोकरी..."

ती दाराबाहेर जाऊन प्रोफेसरांपुढे पुन्हा गुडघ्यावर बसली. "सर, माफी असावी. माझ्या प्रबंधासाठी तुम्हाला घाम गाळावा लागेल."

प्रोफेसर गुरगुरले. पण आत येऊन बसले. आधी बाह्या खांद्यावर गेल्या, मग रुमाल भिजला, शेवटी अग्बादाच उतरून बाबांच्या हातात आला. वाहिन्या मात्र ऐसपैस फुलल्या. तिनं थेंब सोडला. आणि त्या आकसल्या, अगदी शहाण्या लेकरासारख्या.

प्रोफेसरांनी सही केली. घामानं शाई जरा पसरली. बाबांचा हात एसीच्या बटणाकडे गेला.

"थांबा हो!" प्रोफेसर ओरडले. "आधी त्या उंदराला पांघरूण घाला!"