धनाजीरावांच्या गळ्यातलं मंगळसूत्र

"काढणार नाही," चिमणाबाई म्हणाल्या. "नवरा समोर बसलाय, धडधाकट."

साल दोन हजार पाच. अकोट्यातल्या त्या दवाखान्यात चुंबकाचे ठोके डोक्याला देऊन उदासी घालवणारं मशीन नवंच आलेलं. ठोक्यांनी रक्तातलं ताणाचं हार्मोन उतरतं का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. म्हणून रक्त एकदा आधी, एकदा नंतर. अंगावर धातू मात्र चालत नव्हता. लेक संयोगिता गेल्यापासून चिमणाबाई दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडून असत. सगळे उपाय थकल्यावर इथे आल्या, तर गाडी मंगळसूत्रावर अडली.

धनाजीराव म्हणजे थापांचं कोठार. आपल्या आजोबांनी नुसत्या शिंकेनं हत्ती खाली बसवला, हे त्यांनी लहरीपुऱ्यातल्या शेजाऱ्यांना शपथेवर सांगितलेलं. ते उठले, बायकोचं मंगळसूत्र मागून घेतलं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं.

"अर्धा तास मी सवाष्ण. माझे मालक आत चाललेत. नयनाबेन, कुंकू आहे का?"

गुजराती नर्स नयना फिस्सकन हसली. "काका, साडी पण आणू के?"

"इश्श! जनाची तरी लाज धरा," म्हणत चिमणाबाई आत गेल्या.

मग तेच ठरून गेलं. बोडक्या गळ्यानं पहिलं रक्त देताना त्यांचा हात गार पडे. ठोके संपले की दारातूनच त्या हात पुढे करत. धनाजीराव लाजत-मुरडत मंगळसूत्र उतरवत, "सांभाळा हो, सौभाग्य आहे माझं." त्या हसत, आणि मग दुसरं रक्त. आकडा दर वेळी निम्म्यावर! डॉक्टर मशीन थोपटत, "जोयुं? पाहिलंत ना?" पहिलं रक्त भीतीचं, दुसरं हसण्याचं, हे नयनाला दिसत होतं. पण बाई हसताहेत, पुरे झालं, म्हणून ती आकडे तसेच लिहून घेई.

सोळाव्या बैठकीआधी एका दुपारी धनाजीराव आडवे झाले ते उठलेच नाहीत. शेजाऱ्यांना आधी वाटलं, नवी थाप.

तेरावं उरकल्यावर चिमणाबाई एकट्याच रिक्षानं आल्या. "काकी, नंतर केलं तरी चालेल," नयना म्हणाली.

"विसातल्या पाच राहिल्यात ना? सुई काढ."

काढून ठेवायला काही नव्हतं. त्या दिवशी दोन्ही आकडे सारखेच आले, चढेच. डॉक्टरांनी कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं मशीन उघडून ठोके मोजले. बिघाड कुठेच नव्हता.

पुढच्या बैठकीलाही त्या वेळेवर आल्या. ठोके संपले. दारात येताच हात पुढे झाला. धनाजीरावांच्या बाकावर दुसऱ्याच कुणाची माणसं बसली होती. चिमणाबाईंनी तोच हात वळवून पदर सारखा केला, आणि दुसऱ्या रक्तासाठी नयनापुढे धरला.