सिंपथीची पावडर

सुगत गेला आणि आमच्या अख्ख्या गावाला एक इंग्रजी शब्द येऊ लागला. पिठाच्या गिरणीवर, पानठेल्यावर, दर्यापूरच्या जीपमध्ये, जिथे जावं तिथे तोच. "अपेक्षावयनीले सिंपथी हाये." म्हणजे काय, तर माझा नवरा सरपंच असताना वारला, आता पोटनिवडणुकीत मी उभी राहिले की मतं आपोआप पडणार. मी दर्यापूरला इंग्रजीच्या शिकवण्या घेते. अमरावतीला एम.ए. करताना याच शब्दाच्या इतिहासावर मी निबंध लिहिला होता. तो असा मतांच्या भावात चाललेला ऐकून माझं डोकं उठायचं.

सुगतचा दोस्त बंडू माझा प्रचारप्रमुख झाला, मी न नेमताच. त्याने बॅनर छापून आणलं. त्यावर सुगतचा हार घातलेला फोटो एवढा मोठा की मी कोपऱ्यात कशीबशी मावले होते.

"सभेले पांढरी साडी नेसजा वयनी," तो म्हणाला. "अन् डोयात पानी आलं त पुसू नका."

"बंडूभाऊ, पांढरी साडी आमी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत नेसतो. लोक म्हनतीन, बाई खुशीत हाये."

बंडूने विचार केला. "मंग राखाडी?"

अर्ज मागे घ्यायची मुदत संपत आली तेव्हा नत्थुजी काका घरी आले. सुगतच्या आधीचे सरपंच ते, आणि माझ्याविरुद्ध अर्ज भरलेले एकटेच. चहा घेतला, भिंतीवरच्या फोटोला हात जोडले. "पोरी, मी फारम वापस घेतो. तू बिनविरोध हो. गावाची सिंपथी हाये तुले."

खरं सांगते, मला भरून आलं. मी आभार मानणार तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "ऑफिसात येन्याची तसदी नको घेऊ. सह्यांचे कागद घरी पाठवत जाईन. पुलाचं काम माहा पुतण्या करूनच राहिला."

तो पूल कागदावर होता. नाल्यात त्याचे दोन खांब उभे होते आणि खाली जुना रपटा, पाण्यालगतचा सिमेंटचा ठेंगणा रस्ता. सुगतच्या छातीत कळ आली तेव्हा अकोल्याला निघालेली जीप त्या रपट्याच्या अलीकडे थांबली, कारण वरून पाणी वाहत होतं. पाणी उतरलं तेव्हा कुणालाच घाई उरली नव्हती.

"काका, फारम राहू द्या," मी म्हणाले. "लढू."

बंडू दाराशी उभा होता. काका गेल्यावर तो मटकन खाली बसला. "हातातली सीट फेकून देल्ली वयनी. आता हारलो त पूल जलमभर पुतण्याकडंच राहीन." तो चुकीचं बोलत नव्हता. रात्री मलाही तेच वाटलं.

सभेच्या दिवशी मी बॅनर उतरवलं आणि सुगतला घरी नेऊन ठेवलं. मग माइक हातात घेतला.

"तुमी सारे सिंपथी, सिंपथी करून राहिले, म्हनून सांगतो. जुना शब्द हाये हा. अर्थ होता, एकाचं दुखनं दुसऱ्याले जानवनं. तलवारीच्या काळात विलायतेत सिंपथीची पावडर भेटे. माणूस कापला गेला का ते पावडर जखमेले नाई, तलवारीले लावत. म्हने जखम आपोआप भरते."

लोक हसले. समोरच्या बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या.

"पुढं तिथले कामगार शायने झाले. एका गिरणीतल्या मजुराले काढलं का दुसऱ्या गिरणीतले काम बंद करत. तेही सिंपथीच. मंग कोनी मेलं का घरच्याइले सिंपथीचं छापील कार्ड धाडाची टूम निघाली, अन् शब्द पार मेला. आता आपलं पाहा. जखम नाल्यावर हाये अन् पावडर आपुन सुगतच्या फोटोले लावून राहिलो."

बायकांच्या तोंडावरचे पदर खाली आले.

"मले रडू येते. ते माह्या घरचं काम हाये, घरी करीन. मत द्याचं त पुलासाठी द्या. सह्या मी ऑफिसात बसून करीन, दार उघडं ठेवून."

एक टाळी पडली नाही. लोक उठून गेले. बंडू खुर्च्या गोळा करत एवढंच म्हणाला, "संपलं."

मोजणी दर्यापूरला झाली. पहिल्या वॉर्डात काका पुढे, दुसऱ्यात आणखी पुढे. बंडूने डोळे मिटून घेतले. तिसरा वॉर्ड नाल्याकाठचा. तिथे काकांच्या भावकीचीच घरं जास्त, आणि तिथेच पेटी पालटली. मी निवडून आले. लाजायचं काय त्यात, मी मोठमोठ्याने हसले. सुगत असता तर त्याने मला उचलून घेतलं असतं.

गावात आलो तर गुलालाची पोती फुटलेली. बंडू लाल, ड्रायव्हर लाल, जीपसुद्धा लाल. माझ्याजवळ आला की मात्र जो तो हात आखडायचा. विधवा बाईला गुलाल लावावा की नाही, हे कुणाला ठरवता येत नव्हतं. बंडूने चिमूटभर माझ्या चपलांवर टाकला.

तेवढ्यात कौशल्याबाई गर्दीतून वाट काढत आल्या. नाल्याकाठच्या, नत्थुजींची सख्खी चुलतबहीण.

"बिचारी म्हनून मत नाई देल्लं तुले," त्या म्हणाल्या. "सून पोटुशी हाये माही. तिचे दिवस भरतीन आषाढात. तोवर पूल नाई झाला त तुह्या दारात येऊन शिव्या देईन."

"या," मी म्हणाले. "मी घरीच असन."

त्यांनी बंडूच्या हातातली परात ओढली, मूठ भरली आणि माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत गुलाल खसाखसा चोळला.