हलका हात

नवजात बाळाची नखे मऊ असतात, म्हणून ती कापणे सोपे असते, असा एक समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. नख बोटाच्या टोकावरच्या कातडीला असे चिकटलेले असते की नख कुठे संपले आणि बोट कुठे सुरू झाले हे डोळ्यांना कळत नाही. दवाखान्यातून घरी सोडताना परिचारिकेने हे स्पष्ट सांगितले होते. बाळाला उताणे झोपवा, उचलताना मानेखाली हात द्या, नाळ कोरडी ठेवा. आणि सुरुवातीचे काही आठवडे नखे कापू नका, बाळ झोपले की मऊ कानशीने घासा. बाळाची आई कान देऊन ऐकत होती. बाप प्रत्येक सूचनेला मान डोलावत होता. नखांची सूचना आली तेव्हा मात्र तो थोडासा हसला, कारण कापणे हाच त्याचा धंदा होता.

तो पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, ठोकळा यंत्रात धरायचा आणि केसाहून कितीतरी पातळ काप काढून ते कोमट पाण्यावरून अलगद काचपट्टीवर उचलायचे, हे त्याचे काम. कापते यंत्र, असे बाहेरच्यांना वाटते. पण पाते किती तिरपे लावायचे, चाक कोणत्या लयीत फिरवायचे आणि कधी थांबायचे, हे हातच ठरवतो. तुकडा चिवट किंवा ठिसूळ असला की तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणत, "हा हलक्या हाताकडे द्या." हळूहळू ते त्याचे नावच पडले. घरी बायकोलाही ते ठाऊक होते आणि सासूबाईंनाही. कारण त्याने ते सांगायची संधी सहसा सोडली नव्हती.

सासूबाई बाळंतपणासाठी येऊन राहिल्या होत्या. उभा जन्म त्यांनी एका बेकरीत पीठ मळण्यात घालवला होता. त्यांचे दंड भक्कम, बोटांची पेरे जाडजूड आणि बोलणे भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखे गरम. जावयाशी त्यांचे रोज एकदा तरी वाजत असे. ते भांडण नव्हते. दोघांनाही त्याची गोडी होती.

"उचकी लागलीय पिटुकलीला. आतडी वाढतायत," त्या म्हणायच्या.

"पुरावा?" तो विचारायचा.

"हा पुरावा!" असे म्हणून त्या पलंगावर बसलेल्या आपल्या मुलीकडे बोट दाखवायच्या. "हिला दिवसभर उचक्या लागायच्या. बघा केवढी झाली."

"एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, आई."

"जावईबापू, तुमच्या घरात पुराव्याशिवाय दूधसुद्धा उतू जात नसेल!"

बायको हसायची. पिटुकली म्हणजे त्यांची मुलगी, अजून कुणाकडे धड बघायलाही न शिकलेली, ती उचक्या देत राहायची.

ज्या दुपारी ते घडले त्या दुपारी बायको अंघोळीला गेली होती आणि सासूबाई गच्चीवर दुपटी वाळत घालत होत्या. पिटुकलीने स्वतःच्याच गालावर नखाने एक बारीक लाल रेघ ओढली होती. बापाने नेलकटर उकळत्या पाण्यातून काढला, पुसला, खिडकीपाशी उजेड आहे याची खात्री केली आणि तिच्या उजव्या हाताची तर्जनी आपल्या दोन बोटांत धरली. बाळ जागे होते. कानशी कपाटात होती. या दोन्ही गोष्टी त्याला माहीत होत्या.

त्याने कापले. क्षणभर काहीच झाले नाही. मग पिटुकलीचा चेहरा आक्रसला, आवाज न फुटता तोंड उघडले, आणि नंतर जो आवाज आला तो त्याने यापूर्वी ऐकला नव्हता. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब जमला, फुगला आणि दुपट्यावर पडला. त्याने निर्जंतुक जाळीदार कापडाचा बोळा धरून दाब दिला. चिकटपट्टी लावली नाही. ती बाळाच्या तोंडात जाऊन घशात अडकू शकते. रक्त थोड्याच वेळात थांबले. जखम किरकोळ होती. त्याने तिच्या हातात हातमोजा चढवला, तिला छातीशी धरून गप्प केले, दुपटे धुवायच्या कपड्यांत तळाशी सारले आणि नेलकटर खणात मागे सरकवला. इथपर्यंतचे सगळे उपचार बिनचूक होते. फक्त शेवटच्या दोन गोष्टी उपचारांत मोडत नव्हत्या.

संध्याकाळी बायकोने हातमोजा बदलायला काढला आणि आत वाळलेल्या रक्ताचा ठिपका पाहिला.

"अरे, हे काय? हिच्या बोटाला काय झालं?"

खरे सांगायला ती वेळ सर्वांत सोयीची होती. नख कापताना बोट कापलं, एवढे चार शब्द पुरले असते. त्याने बोट उजेडात धरले आणि जणू पहिल्यांदाच बघतोय असे निरखले. ओरखड्याची कड फाटलेली असते, कापाची सरळ असते. ही कड सरळ होती. प्रयोगशाळेत कुणी विचारले असते, तर एका नजरेत त्याने निदान सांगितले असते.

"एखादी टोकदार कडा लागली असावी," तो म्हणाला. "पाळणा मी तपासलाय." मग, थोडे थांबून, "आईंच्या अंगठीचा खडा पडलाय ना? तिथला काटा वर आलाय का?"

हे विधान नव्हते, प्रश्न होता. तो एक शक्यता मांडत होता. पुढे अनेकदा त्याने स्वतःची अशी समजूत घालून पाहिली आणि प्रत्येक वेळी ती त्याच्या हातात मोडली. पुराव्याशिवाय शक्यता मांडणाऱ्यांना तो काय म्हणत असे, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते?

बायको तडक स्वयंपाकघरात गेली.

"आई, बघू तुझा हात. हे बघ, काटा केवढा वर आलाय! किती वेळा सांगितलं, ती अंगठी काढ म्हणून! पोरीचं बोट फाडलंस तू!"

"मी?" सासूबाई म्हणाल्या.

"मग कोण? आम्ही घालतो का अंगठ्या?"

दारात उभ्या असलेल्या जावयाकडे सासूबाईंनी एकदा पाहिले. त्यांनी "पुरावा?" असे विचारावे, असे त्याला त्या क्षणी मनापासून वाटले. विचारले असते तर कदाचित तो बोलला असता. त्या एरवी कुणाचेही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. पण आज त्यांनी बोटातल्या अंगठीकडे पाहिले, काट्यावरून अंगठा फिरवला आणि हात पदराआड नेला.

"लक्षातच नाही आलं गं माझ्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डाव्या हातात पांढरा सुती मोजा होता. बेकरीतला, अंगठी बोटातून निघेनाशी झाल्यापासून त्या तो घालूनच पीठ मळत असत. मोजा घालून त्यांनी पिटुकलीला उचलले. तिचा गाल त्या जाड विणीवर घासला, तिने तोंड फिरवले आणि ती रडू लागली. सासूबाईंनी तिला लगेच आईकडे दिले. त्यानंतर त्यांनी तिला घेतले नाही. दुपटी धुतली, बाटल्या उकळल्या, लेकीसाठी स्वयंपाक केला. पाळण्याजवळून जाताना मात्र त्या हात मागे बांधून जात. उचक्या लागल्या तरी त्या काही बोलत नसत. घरात उचक्या तेवढ्या ऐकू येत.

तंत्रज्ञ कामावर जात होता. तिथे त्याच्या कापांवर उभी रेघ उमटू लागली होती. पात्याला खाच पडली की अशी रेघ येते. त्याने पाते बदलले. रेघ गेली नाही.

"बाप झालास आणि हात जड झाला वाटतं," शेजारची सहकारीण म्हणाली. "झोप होत नसेल."

"हो, झोप होत नाही," तो म्हणाला. हेही अर्धसत्य होते. आताशा अशी अर्धसत्ये त्याला सहज जमत होती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसला होता. सासूबाई येऊन समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी मोजा काढला. अंगठीच्या वरचे पेर सुजून लालभडक झाले होते.

"साबण लावून झाला, तेल लावून झालं, दोरा गुंडाळून झाला," त्या म्हणाल्या. "आतून हाडच जाड झालंय, त्याला कोण काय करणार! तुमच्याकडे ती तार कापायची बारीक पक्कड आहे ना? घ्या आणि कापून टाका."

"काय?"

"अंगठी हो. बोट नाही कापायला सांगत."

"आई, अंगठी बाबांनी दिलेली आहे."

"मला माहीत नाही का कुणी दिली ते? तुम्ही होतात का तिथे?" त्या हसल्या, पण हसणे टिकले नाही. "सोनाराकडे जाणार होते. मग म्हटलं, घरात हलका हात असताना परक्याकडे कशाला? मला पोरीला उघड्या हातानं घ्यायचंय, जावईबापू. ते गेले, अंगठी गेली, काही बिघडत नाही. ही थोडीच पुन्हा एवढुशी होणार आहे?"

त्याने पक्कड आणली. का आणली, हे त्याला सांगता आले नसते. कदाचित तेवढा वेळ बोलावे लागणार नव्हते म्हणून. तो त्यांच्यापुढे स्टुलावर बसला आणि त्यांचे बोट आपल्या दोन बोटांत धरले. तीच खिडकी, तोच उजेड. अंगठी झिजून तारेसारखी झाली होती. काटा वर आला होता, पण तो आतल्या बाजूला वाकलेला होता. कुणाला लागता तर आधी त्यांनाच लागला असता. त्याने पकडीचे टोक सोन्याखाली सरकवायचा प्रयत्न केला. टोक दोनदा घसरले.

"घाबरू नका," सासूबाई म्हणाल्या. "थोडं लागलं तर लागू दे. माझ्या हातून पोरीला लागलंच की."

"तुमच्या हातून नाही लागलं," तो म्हणाला.

"अहो, काट्यानं का होईना—"

"काट्यानंही नाही. मी तिचं नख कापत होतो. तुम्ही गच्चीवर होतात. बोट मी कापलं."

सासूबाईंनी बोट काढून घेतले नाही. त्या पकडीकडे बघत राहिल्या.

"आणि अंगठीचं?"

"ते मीच सुचवलं."

"मला वाटलं, तुम्ही तपासून बोललात," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी उगाच बोलत नाही. मला पुरावा मागायचं सुचलंसुद्धा नाही." मग हळूहळू त्यांचा आवाज चढत गेला. "रोज मी या बोटाचा राग राग केला. पोर रडायची आणि मी भांडी घासत बसायची. आणि तुम्ही इथे बसून पेपर वाचत होतात!"

त्याने पक्कड खाली ठेवली.

"मला सांगून काय उपयोग?" त्यांनी आता हात काढून घेतला. "मला कोण बोललं? जी बोलली तिला जाऊन सांगा."

बायको आतल्या खोलीत पिटुकलीला पाजत होती. त्याने उभ्यानेच सांगितले. नेलकटर, दुपटे, खण, सगळे. शक्यता हा शब्द त्याने वापरला नाही. ती ऐकत होती. मध्येच तिने बाळाचा तो हात आपल्या तळव्याखाली झाकून घेतला. तिला कुणी तसे करायला सांगितले नव्हते आणि तिच्याही ते लक्षात आले नसावे.

"कापलं ते ठीक आहे," शेवटी ती म्हणाली. "माझ्याही हातून झालं असतं. पण मी आईला काय काय बोलले, ते तू दारात उभं राहून ऐकलंस."

"हो."

"सगळं?"

"सगळं."

ती उठली आणि बाळाला घेऊन बाहेर गेली. आईसमोर उभी राहिली आणि "आई, मी तुला—" एवढेच म्हणाली.

"पुरे, पुरे," सासूबाई म्हणाल्या. "दे इकडे. आधी हात धुऊन येते."

हात धुऊन, पुसून त्यांनी पिटुकलीला मांडीवर घेतले. मोजा खुर्चीवर पडला होता. पिटुकलीने जांभई दिली आणि काही वेळाने तिचा डोळा लागला. बायकोने कपाटातून कानशी आणली.

"मी करते," ती म्हणाली. "तू फक्त तिचा हात धर. हलू देऊ नकोस."

त्याने आपले बोट पिटुकलीच्या तळव्याला लावताच तिने ते मुठीत पकडले, घट्ट. तळव्याला स्पर्श झाला की नवजात बाळाची मूठ मिटते. कुणाचेही बोट असले, काठी असली तरी मिटते. हे त्याला माहीत होते आणि त्याने त्यातून कोणताही अर्थ काढला नाही. बायको एकेक बोट मुठीतून सोडवून नख घासत होती. मान वर करून तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

"आई," तो म्हणाला, "तो काटा मी दाबून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

सासूबाईंनी अंगठीचा हात नातीच्या मानेखाली होता तसाच ठेवला.

"नको," त्या म्हणाल्या. "ते मी सोनाराकडून करून घेईन."